शिवणीवरून घेतलेला काप

डेल्फिना : नाही म्हणायचं असेल तर शटर पूर्ण वर करा, माझ्या तोंडाकडं बघा आणि मग म्हणा. असं खालून नुसते बूट दाखवून नको.

एव्हारिस्तो : दुकान बंद आहे.

डेल्फिना : भर दुपारी? आत शिवणमशीन चालू आहे, सासरेबुवा. ते काय आपलं आपण शिवत बसलंय?

एव्हारिस्तो : सासरेबुवा कसला? माझ्या पोराला सोडून गेलीस ना तू?

डेल्फिना : पोराला सोडलं. तुम्हाला कुठं सोडलं? गाडीचा हूड फाटलाय माझ्या, वरचं कापडी छप्पर. नवा टाकून हवाय. दुसरीकडं कुठं सोय झाली असती तर तुमची पायरी चढले नसते.

एव्हारिस्तो : सगळ्या फोंटानात हूड टाकणारा मीच एकटा उरलो काय?

डेल्फिना : हो, एकटेच उरलात. आधी त्या कोरियन म्हाताऱ्याकडं नेली होती, नोहकडं. माप घेतलं, रंग ठरला. दुसऱ्या दिवशी तुमचा हिलारियो गेला, त्याचा हात दाराच्या चौकटीवर धरला आणि दार आपटलं. रिआल्टोतल्या त्या दोघा भावांनी गाडी आत घेतली, तर त्यांच्या दुकानाची एक काच राहिली नाही. सॅन बर्नार्डिनोच्या माणसानं फोनवर माझं आडनाव ऐकलं आणि फोन ठेवून दिला. तुमचंच आडनाव ते. अजून बदललं नाहीये मी.

एव्हारिस्तो : पोलिसांकडं जायचं.

डेल्फिना : गेले होते की. साहेब म्हणाला, बाई, चोरानं फाडला असेल. मी म्हटलं, साहेब, हूडवाल्या गाडीचं दार कोणी लॉक करतं का? चोरानं काय न्यायचं ते दार उघडून न्यावं, हूड तरी वाचतो. माझं दार उघडंच होतं. ज्याला आतलं काहीच नको असतं ना, तो हूड कापतो. साहेबानं मान हलवली आणि लिहिलं काय, तर चोरीचा प्रयत्न.

एव्हारिस्तो : माझ्याकडं कशाला आलीस? मी त्याचा बाप आहे.

डेल्फिना : म्हणूनच आले. तुमची बोटं तरी तो मोडायचा नाही.

एव्हारिस्तो : लई भरवसा आहे तुला. हो बाजूला, बघू दे... हे काय बांधलंस? चिकटपट्टी? आणि हे पडद्याचं प्लास्टिक? आंघोळीच्या मोरीतलं?

डेल्फिना : हसा. वर मासे पण आहेत त्याच्यावर. तुमच्या नातीच्या, ब्रिसाच्या आवडीचं होतं.

एव्हारिस्तो : कहोनच्या घाटात वाऱ्याचा एक झोत आला की मासे उडाले. धर हे टोक. सोड हळूहळू... थांब. थांब जरा.

डेल्फिना : काय झालं?

एव्हारिस्तो : मागच्या कमानीपासून कापायला धरलंय. शिवणीला लागून. वळणावर हात उचलला नाही, एका दमात पुढपर्यंत आणलंय. खालच्या पट्टीला ओरखडासुद्धा नाही.

डेल्फिना : काय पुटपुटताय?

एव्हारिस्तो : रागानं सुरी मारणारा मधोमध मारतो. भोसकतो. ह्या गाढवानं रागातसुद्धा शिवणीवरून कापलंय. जुना हूड उतरवायचा तर असाच कापावा लागतो, म्हणजे खालचं सामान वाया जात नाही. शाळेतून आला की मी त्याचा हात धरून शिकवायचो.

डेल्फिना : म्हणजे ओळखलंत. कौतुक वाटतंय का?

एव्हारिस्तो : वाटलं. क्षणभर वाटलं. थुंक माझ्यावर.

डेल्फिना : थुंकेन मग. आधी हे बघा. गळ्यातला हा रुमाल काय मी हौसेनं बांधलेला नाही. बघा नीट, मान फिरवू नका. हे शिवणीवरून नाही.

एव्हारिस्तो : देवा. हे त्यानंच?

डेल्फिना : हूड कापला त्याच दिवशी. ब्रिसाच्या समोर. सुरी टेकवून म्हणाला, हूड फाटला तर नवा घालता येतो डेल्फी, गळ्याला येईल का? आणि रडायला लागला. टेकवलेली सुरी तशीच, आणि हा रडतोय. मी त्याचे डोळे पुसले, सासरेबुवा. माझ्याच स्कार्फनं पुसले, तेव्हा कुठं सुरी खाली आली.

एव्हारिस्तो : निघायचंय कुठं?

डेल्फिना : अल्बुकर्कीला. बहीण आहे माझी. तिथल्या दवाखान्यात कपडे धुण्याचं काम मिळालंय.

एव्हारिस्तो : बसनं जा.

डेल्फिना : तिकीट काढलं होतं. खिडकीवर त्याचा दोस्त बसतो. मी घरी पोचायच्या आत हिलारियो पायरीवर येऊन बसला होता. आता गाडी विक म्हणाल. फाटक्या हूडाची जुनी ब्यूक कोण घेणार? आणि वाटेत फ्लॅगस्टाफला बर्फ पडतंय. मागच्या सीटवर चार वर्षांचं पोर बसवून, वर हे मासे बांधून जाऊ का? मला डोक्यावर छप्पर हवंय, बाकी काही नको. इथं राहिले तर तो मला मारणार. आज नाही तर नाताळात, पण मारणार.

एव्हारिस्तो : ब्रिसा कुठं आहे?

डेल्फिना : कोपऱ्यावरच्या बेकरीत. तिला सांगितलंय, गाडीला नवी टोपी घालायचीय.

एव्हारिस्तो : मशीनवर एका शेव्हरलेचा हूड आहे. माप तेच. त्या गिऱ्हाइकाला सांगीन थांब म्हणून. घे गाडी आत.

डेल्फिना : आणि तो आला तर?

एव्हारिस्तो : येणारच. त्याच्या आधी झालं तर बरं.

(दुकानामागचं मोकळं अंगण. ऊन उतरतीला लागलंय. ब्यूकवर नवा काळा हूड मागून ठोकून बसवलाय. पुढची कड अजून सुटी आहे.)

एव्हारिस्तो : स्टिअरिंगवर बस. काच खाली घे. किल्ली फिरव आणि बटणावर बोट ठेव. वर दाबलं की सांगाडा उघडतो, खाली दाबलं की मिटतो. मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. बाजूचा हा सांधा बघितलास? मिटताना ह्यानं माझं नख नेलंय एकदा.

डेल्फिना : अजून किती वेळ उन्हात ठेवायची? माझा जीव वरखाली होतोय.

एव्हारिस्तो : रेक्झिन तापू दे. गारच ओढलं तर पुढं सैल पडतं, सगळी वाट ढोल वाजल्यासारखं वाजत राहील. आता हातभर वर घे. बास. आता तू उतरून पुढून ओढायचं आणि मी खालून पिना मारायच्या. पिनांची बंदूक भरतो तोवर बस तिथंच.

हिलारियो : ओढायचं काम माझं असतं, अपा. विसरलात?

डेल्फिना : ह्याला कोणी सांगितलं?

हिलारियो : कोणी कशाला सांगायला हवं? माझी लेक बेकरीच्या खिडकीत बसून गोड पाव खातेय. मला बघून हात हलवला तिनं. घाबरू नकोस, काही केलं नाही मी. बाप आहे तिचा.

एव्हारिस्तो : सुरी खिशात घाल.

हिलारियो : ही? तुम्हीच दिलेली की. डेल्फी, उतर खाली. घरी जाऊ. मला भांडायचं नाहीये. बघ, आवाज तरी चढवलाय का मी?

डेल्फिना : नोहचा हात चिरडलास तेव्हाही चढवला नसशील.

हिलारियो : त्याला सांगितलं होतं, ह्या गाडीला हात लावायचा नाही. त्यानं लावला. चूक कुणाची?

एव्हारिस्तो : मग माझीही बोटं मोड. दुपारपासून लावतोय हात. हा बघ, अजून लावतो. ये.

हिलारियो : मधे पडू नका, अपा.

एव्हारिस्तो : ये म्हणतोय ना. म्हातारी माणसं आणि बायका, एवढंच झेपतं ना तुला?

हिलारियो : सरका म्हणतो ना! सरका!

डेल्फिना : अरे, बापाला मारतोस? हरामखोरा, तोंड फोडलंस त्यांचं!

एव्हारिस्तो : दात गेला एक. जाऊ दे. तू उतरू नकोस, पोरी. काही झालं तरी उतरू नकोस.

हिलारियो : किल्ली दे इकडं. दे! एवढ्यांदा समजावलं तुला, प्रेमानं समजावलं—

डेल्फिना : केस सोड! आई गं, सोड!

हिलारियो : हा हूड पण फाडतो आणि त्याच्याखाली तुलाही फाडतो. बघू मग कोण कुठं जातंय!

एव्हारिस्तो : हिलारियो, सुरीचा हात सांध्यात घातलायस तू. काढ बाहेर.

हिलारियो : कापतोच आता. आतून कापतो. शिवा पुन्हा!

एव्हारिस्तो : पोरी, बटण. खाली दाब.

डेल्फिना : त्याचा हात आहे तिथं!

एव्हारिस्तो : ठाऊक आहे. माझ्या पोराचा आहे. दाब!

हिलारियो : आऽऽ! अपा! हात! हात अडकला, अपा! वर घे, डेल्फी, वर घे!

डेल्फिना : सोडू? सासरेबुवा, सोडू का?

एव्हारिस्तो : बोट काढायचं नाही. सुरी पडली का?

डेल्फिना : पडली. माझ्या पायाशी पडलीय.

एव्हारिस्तो : लाथेनं सीटखाली सार. हिलारियो, आता मला सांग. बटण कोणी दाबलं?

हिलारियो : तिनं! ह्या रांडेनं!

एव्हारिस्तो : दाबून धर, पोरी.

हिलारियो : हाड मोडतंय! वाजतंय, अपा, ऐका ना, वाजतंय!

एव्हारिस्तो : ऐकतोय. डॉक्टर विचारतील, पोलीस विचारतील. कोणी दाबलं?

हिलारियो : डेल्फिना... तिनंच—

एव्हारिस्तो : अजून.

डेल्फिना : बास आता! मनगट पार उलटं झालंय. मला बघवत नाही!

एव्हारिस्तो : मग समोर बघ, काचेतून. बोट मात्र हलवू नकोस. हिलारियो. बाळा. कोणी?

हिलारियो : तुम्ही. तुम्ही दाबलं, अपा. तुम्ही.

एव्हारिस्तो : आणि ती कुठं होती?

हिलारियो : नव्हती. ती इथं नव्हतीच. पाया पडतो, अपा...

एव्हारिस्तो : घे वर.

डेल्फिना : पडला तो. खाली पडला. डोळे फिरवले त्यानं!

एव्हारिस्तो : श्वास चालू आहे. कण्हतोय, ऐकू येतंय ना? उतर. पुढून कड धर, दोन्ही मुठींनी.

डेल्फिना : आत्ता? ॲम्ब्युलन्स बोलवा आधी!

एव्हारिस्तो : मी नेतो त्याला. आधी हे. रेक्झिन गार पडतंय. ओढ. पोट टेकव बॉनेटला आणि ओढ. अजून. सुरकुती गेली का बघ.

डेल्फिना : डावीकडं एक आहे.

एव्हारिस्तो : डावीकडं ओढ मग. हां. धरून ठेव.

डेल्फिना : ह्याच्यावर रक्त लागलंय. तुमचं की त्याचं, कळत नाही.

एव्हारिस्तो : एकच ते. पुसलं की जातं.

डेल्फिना : तुम्ही रडताय.

एव्हारिस्तो : रडतोय. हात थांबलाय का माझा? ओढ तू... झालं. कड्या लाव दोन्ही बाजूंच्या. मागच्या गल्लीनं जा, ब्रिसाला उचल आणि बार्स्टोपर्यंत कुठं थांबू नकोस. पोचेपर्यंत हूड उघडायचा नाही. ताणून बसू दे.

डेल्फिना : तुम्हाला धरतील पोलीस.

एव्हारिस्तो : धरू देत. बसून शिवणकाम शिकवीन तिथल्यांना. नीघ.

डेल्फिना : येते, अपा.

एव्हारिस्तो : येते म्हणू नको. जाते म्हण.

डेल्फिना : जाते.

हिलारियो : गेली?

एव्हारिस्तो : गेली.

हिलारियो : बोटं जाणवत नाहीत, अपा. हलवतोय, पण हलतच नाहीत.

एव्हारिस्तो : बघतोय मी. मान टेकव इथं. हा स्पंज घे खाली.

हिलारियो : पोटच्या पोराला... परक्या बाईसाठी.

एव्हारिस्तो : बोलू नकोस. दम राख.

हिलारियो : हात बरा होऊ दे. तिच्या बहिणीचं घर ठाऊक आहे मला. तो हूड काय, तिला पण...

एव्हारिस्तो : बरा व्हायचा नाही तो. म्हणून तर 'घे वर' म्हणायला एवढा वेळ लावला मी. चल, ऊठ. भार टाक माझ्यावर.