साडेतीनचा भोंगा आणि एक उघडं पुस्तक

आदरणीय अध्यक्ष दत्ताराम मोरेसाहेब, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तुरुंग पाहून आलेले कार्यकर्ते, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आमचे बाबुराव सकपाळ, आणि घोडपदेवच्या माझ्या आयाबहिणींनो, बंधूंनो, सर्वांना जयभीम.

मी रामदास तांबे, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर येताना अध्यक्षांनी कानात सांगितलं, ‘‘गौरवाचं बोल. गच्चीचं काढू नकोस.’’ साहेब, गौरवाचंच बोलणार आहे. पण बाबुरावांचा गौरव गच्चीवरूनच जातो, त्याला मी काय करू?

बाबुराव गिरणीत फिटर. सकाळपाळी करून आपल्या मंडळाची अभ्यासिका सांभाळायचे. दीक्षा घेतल्यावर ते भन्तेजींकडून श्वासावर लक्ष ठेवायला शिकले आणि आम्हा कॉलेजच्या पोरांनाही बसवू लागले. गिरणीचा साडेतीनचा भोंगा झाला की प्रत्येकाने पुस्तक पालथं घालायचं, डोळे मिटायचे. ‘‘श्वास आला, कळू दे. गेला, कळू दे. बाकी काय नको.’’ हसू नका, त्याची गरज होती. मोर्चात छाती काढून घोषणा देणारे आम्ही, पण परीक्षेला घाबरायचो. प्रत्येक जण आपल्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. अख्खी चाळ विचारणार, ‘‘काय रे, पास ना?’’

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, इंटरला, एकदा नापास झालो होतो. दुसऱ्या वेळी पुस्तक उघडलं की अक्षरं नाचायची. झोप गेली, भूक गेली. मग मी बसायला लागलो. भोंग्याला बसायचो आणि भोंगा नसतानाही बसायचो. कुणी काही विचारू नये म्हणून डोळे मिटायचो. आमची आई आनंदीबाई, ती बघा दुसऱ्या रांगेत, शेजारणींना कौतुकाने सांगायची, ‘‘माझा रामदास किती गुणी झालाय, तोंडातून शब्द नाही.’’ आणि बाबुराव? त्यांनी मला पुढे बसवलं. नव्या पोरांना म्हणायचे, ‘‘ह्याच्याकडे बघा. हलतो का?’’

अहो, मी भीतीने हलत नव्हतो!

रसायनशास्त्राचा पेपर होता त्या दिवशी मी परीक्षेला गेलोच नाही. अभ्यासिकेत पुस्तक उघडं टाकलं आणि दुपारी वरच्या गच्चीवर गेलो. कठड्यापाशी उभा राहिलो. कशासाठी, ते आईसमोर मला बोलवत नाही. इतक्यात भोंगा झाला. सवयीने डोळे मिटले, श्वास आला, गेला.

थोड्या वेळाने खाली बाबुराव पाळी सुटून अभ्यासिकेत शिरले. सगळी पुस्तकं पालथी, एकच उघडं. ते माझं हे त्यांनी ओळखलं, ‘वर गेलाय’ एवढं पोरांकडून ऐकलं आणि तसेच तेलकट हातांनी धावत वर आले. मला वाटलं, आता म्हणतील, बस, श्वासावर लक्ष दे. ते माझ्यापासून चार हात अंतरावर थांबले, धापा टाकत म्हणाले, ‘‘श्वास गेला खड्ड्यात. रामदास, तू बोल.’’

मी रडलो. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणाले, ‘‘माझं चुकलं रे. तू गप्प होतास, मी तुला शांत समजलो.’’

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी मला परळला, मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. पुढे अकरा सोमवार नेलं. पुढच्या खेपेला मी इंटर पास झालो. अभ्यासिकेतली पद्धतही बदलली. भोंग्याला बसायचं, पण उठल्यावर शेजाऱ्याला मनातली एक खरी गोष्ट सांगायची. ‘बरा आहे’ म्हणायला मनाई. त्यातून आणखी तीन पोरं डॉक्टरांकडे गेली, आणि तिथेच बिनसलं. आपलं मंडळ म्हणालं, लढ्याचे दिवस आहेत, आपली पोरं वेड्यांच्या डॉक्टरकडे जातात हे बाहेर दिसलं तर काय शोभा राहील? म्हणून आज अभ्यासिकेतून ‘वयोमानानुसार निवृत्ती’. बाबुरावांचं वय एक्कावन्न! साहेब, घंटी वाजवू नका, संपवतो.

निवृत्तीचं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. सगळे म्हणतात, बाबुरावांनी किती शांतपणे घेतलं. तक्रार नाही, शब्द नाही. काल मी त्यांच्या खोलीवर गेलो. ताट तसंच होतं, ते डोळे मिटून बसले होते. मला म्हणाले, ‘‘बरा आहे.’’ ही शांतता माझ्या ओळखीची आहे. मंडळाशी भांडायला मी उद्याही येईन. आज मला हा माणूस हवा आहे.

आपण मला ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वावगा गेला असेल, तर लहान समजून पोटात घाला. गच्चीचं बोललो त्याची मात्र माफी मागत नाही.

ऐका, भोंगा झाला. आज डोळे मिटू नका. बाबुराव, हा शाल-नारळ बाजूला ठेवा आणि माझ्याकडे बघा. तुम्ही चार हातांवर थांबला होतात, मीही तेवढ्याच अंतरावर उभा आहे. घाई नाही, सभा थांबेल.

बोला.