तेवढी एक खिडकी

नाही हो, तो नाही. बाकीचे फोटो कुठलेही घ्या, पुलाचा घ्या, तो काचेच्या इमारतीचा घ्या – त्यात ढग कसा वाकडा झालाय बघा, त्या ढगासाठी आमचे हे तीन दिवस उपाशीतापाशी गच्चीवर बसले होते – पण तो मधला ठेवा खाली. हो, माहीत आहे मला, तोच प्रसिद्ध आहे. सगळ्या खिडक्या काळ्या, एकसारख्या, वरपासून खालपर्यंत चौकटीच चौकटी, माणसाचा मागमूस नाही. यांना तसंच लागायचं. चौकटीत माणूस आला की डोकं उठायचं यांचं! माझ्या बहिणीच्या लग्नात फोटो काढायला सांगितले, तर नवरा-नवरी राहिली बाजूला, हॉलचा जिना काढून आणला. बहीण वर्षभर बोलली नाही माझ्याशी. हसताय काय, खरं सांगतेय.

तुम्ही संग्रहालयातून आलात, तुम्हाला कळेल म्हणून सांगते. त्या मधल्या फोटोची ही निगेटिव्ह उजेडाकडे धरा – अशी, कडेला धरा, बोट नका लावू – वरून चौथी ओळ, दिसलं? खरवडलंय तिथे. ब्लेडच्या टोकाने. निगेटिव्हमध्ये उजेड काळा दिसतो ना, तो काळा भाग खरवडून काढला की फोटोत तिथे अंधार होतो. म्हणजे तिथे उजेड होता. माझा. त्या इमारतीत टायपिस्ट होते मी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्या फेब्रुवारीत तपासणी केलेली. डॉक्टरांचा फोन ऑफिसातच यायचा, घरी कुठला फोन! हे समोरच्या गच्चीवर कॅमेरा लावून बसलेले. सकाळीच मला म्हणाले होते, ऑफिस सुटल्यावर थांब, डॉक्टर ‘नाही’ म्हणाले तर अंधारातच खाली ये, ‘हो’ म्हणाले तर दिवा लाव. लावला की मी! अख्ख्या इमारतीत एकच दिवा – आणि हे गच्चीवर कॅमेऱ्याचं काळं फडकं हवेत फिरवताहेत, वेड्यासारखे. एवढं आनंदात मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

जुलैत गेलं ते बाळ. पोटातच. हे रडले नाहीत. आठवड्याच्या आत ट्रायपॉड उचलून बाहेर. माझी आई म्हणाली, काळीज आहे का दगड? मलाही तेच वाटलं, कशाला खोटं बोलू, मी माहेरी जायची पिशवी भरली होती. आणि यांच्या टेबलावर मला ही निगेटिव्ह दिसली, खरवडलेली. म्हटलं, बघवला नसेल हो त्या माणसाला तो दिवा. बोलता येत नाही, रडता येत नाही, म्हणून ब्लेड घेऊन बसला असेल एकटा. पिशवी रिकामी केली मी. त्यानंतर हे मला किती बोलले, किती दुखावलं, अख्खा जन्म इमारतींच्या मागे घालवला – मी सगळं पोटात घातलं, या एवढ्याशा खरवडण्यावर. विचारलं नाही कधी. अशा गोष्टी विचारतात का?

काय? कुठल्या प्रदर्शनात? नाही, त्या वर्षीचं एप्रिलचं वेगळं, तेव्हा दुसरा फोटो असेल. मी गेले नव्हते त्याला, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलेलं. याच फोटोला बक्षीस? तीच प्रत तुमच्याकडे आहे, म्हणजे एप्रिलमध्ये भिंतीवर होती ती? – आणि ती खिडकी? – नीट आठवून सांगा. काळी?

एप्रिलमध्ये तर बाळ होतं हो. हलायला लागलं होतं. हे रोज रात्री पोटावर हात ठेवून बसायचे, आणि तेव्हा खिडकी – काळ्या खिडक्यांची ओळ बिघडत होती म्हणून? नुसती ओळ?

नाही, पाणी नको. हात नका लावू मला. न्या तो फोटो, निगेटिव्ह न्या, हे सगळे खोके न्या, मला काही काही नकोय यातलं. तुमच्या संग्रहालयाच्या कागदावर सही उद्या करीन. उठा आता, खरंच उठा. दार बाहेरून ओढून घ्या.