निमजे सरायचा अडलेला शब्द

जमलेल्या सर्व मंडळींनो, आणि काकू,

मले भाषण येत नाही. गांधीबागेत कापडाच्या दुकानात तीस वर्षं झाली, गिऱ्हाइकापुढे तोंड चालते. इथे चालून नाही राहिलं. समोर सरायचा फोटो आहे, आणि सर समोर असले की मी अजूनही पाचवीतलाच आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मनोहर. महाल भागातल्या शाळेत निमजे सरायनं मले इंग्रजी शिकवली. इथे बसलेल्या अर्ध्या लोकायले त्यायनंच शिकवली. त्यायले सरायची पद्धत सांगायची गरज नाही. पण सर राहत त्या हुडकेश्वरची शेजारची मंडळी आली आहेत, त्यायच्यासाठी सांगतो.

सर शब्द स्वरावरून शिकवत. लहान लहान शब्द. इंग्रजीतला ई आणि त्याले चिकटून ए, असे सारे शब्द एका यादीत. रोज एक. सर शब्द म्हणत, वर्ग अर्थ म्हणे. सी? समुद्र! टी? चहा! पी? वाटाणा! अर्थ बरोबर आला की सर फळ्यावरचा शब्द पुसत. चुकला की पुसत नसत. 'शब्द अडला' म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच. 'बीक' आमच्या वर्गात आठ दिवस अडला होता. बीक म्हणजे चोच. कोणालेच येईना. सरायनं मारलं नाही, ओरडले नाहीत. नुसतं टेबलावर बोट वाजवत बसले. त्यापेक्षा मारलं असतं तर परवडलं असतं.

दिवाळीनंतर सरायले लकवा मारला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. चाळीस वर्षं ज्या माणसानं वर्गात बोलण्याचंच काम केलं, त्याच्या तोंडात मराठीचा एक शब्द उरला नाही. काकूचं, स्वतःच्या बायकोचं, नाव नाही उरलं.

मी भेटायले गेलो. सरायनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सी."

काकू म्हणाल्या, "दोन दिवसांपासून हेच म्हणून राहिले गा. काय पाहिजे ते समजत नाही. पाणी दिलं, चादर बदलली. राग राग करतात."

मले समजलं. मी म्हटलं, "समुद्र, सर."

सर शांत झाले. डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "टी."

तेव्हापासून मी रोज जाऊ लागलो. सकाळी, दुकानात जायच्या आधी. सर शब्द म्हणत, मी अर्थ सांगे. डॉक्टर म्हणाले, जुनं पाठांतर राहून जाते कधी कधी, नवल नाही. मलेही नवल वाटलं नाही. खरं सांगतो, मले आनंद होता. साऱ्या जगात सर एकट्या माझ्याशीच बोलून राहिले होते.

मग 'रीड' आला. वाचणे. मी अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी सरायनं पेपर उलटा धरला होता. लकवा मारला तरी रोज पेपर चाळणारा माणूस. काकूनं सुलटा करून दिला, तर हातातून सोडून दिला.

मग 'सीट'. बसायची जागा. त्यानंतर सर उशीले टेकूनही बसले नाहीत.

मग 'ईट'. खाणे. दुसऱ्या दिवशी काकू पेज भरवायले गेल्या, तर ओठ घट्ट. नाकात नळी घालावी लागली.

तुम्ही म्हणाल, आजारच तो, वाढतच जाणार. मीही मनाले हेच समजावलं. पण त्या दिवशी दुकानात लक्ष नाही लागलं. घरी आलो, आईची पेटी उपसली, पाचवीतली वही काढली. ईटच्या खाली काय आहे ते पाहिलं.

खाली होता 'हीट'. समोर माझ्याच बारक्या अक्षरात अर्थ, सरायनं सांगितलेला. उष्णता. अंगातली ऊब.

मंडळी, मी काही अडाणी माणूस नाही. पोरीले इंजिनिअर केलं. तरी त्या सकाळी मी दोनदा दारातून परत फिरलो. सर म्हणाले, "हीट." बाहेर ऊन चांगलं लख्ख पडलं होतं.

मी म्हटलं, "दगड, सर."

सरायनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "हीट." मी म्हटलं, "पाऊस." तिसऱ्या दिवशी म्हटलं, "आंबा." शब्द अडला होता. मीच अडवला होता. आणि सर होते तसे राहिले. ना कमी, ना जास्त. एकावन्न दिवस. डॉक्टरले नवल वाटलं, मले वाटलं नाही.

पण एकावन्न दिवस मी त्यायचे डोळे पाहिले. पाठीले जखमा झाल्या होत्या, कूस बदलताना कण्हत होते, आणि तरी मी गेलो की तोच शब्द, तीच वाट पाहणं. डाव्या हाताचं बोट पलंगाच्या लाकडावर वाजे. टक टक. टक टक. त्यायले काय वाटत असेल? आपला मनोहर, एवढा सोपा शब्द, आणि याले येत नाही. आपण याले काहीच शिकवलं नाही.

काकूले सारं माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं. एका सकाळी त्यायनं मले दारातच अडवलं. म्हणाल्या, "काहून चुकवून राहिला गा मनोहर? तुले येते."

मी म्हटलं, "काकू, मले सांगवत नाही."

"मले तरी कुठे ऐकवते? पण ते थकले रे. तुह्यासाठी अडून बसले आहेत. सांग त्यायले खरं. त्यायचा विद्यार्थी हुशार आहे, एवढं तरी समजू दे त्यायले."

मी आत गेलो. सर म्हणाले, "हीट."

मी उभा राहिलो. वर्गात राहत होतो तसा, हात मागे बांधून. म्हटलं, "उष्णता, सर. अंगातली ऊब."

सर हसले. अर्धं तोंड हसलं, पण हसले. डावा हात उचलला, मी खाली वाकलो, त्यायनं माझ्या डोक्यावर ठेवला. चांगला गरम हात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूचा फोन आला. म्हणाल्या, "हात थंडे पडले."

हे मी बरं केलं की वाईट, मले माहीत नाही. काकू म्हणतात बरं केलं. मी त्यायच्या शब्दावर जगून राहिलो.

आता एक शेवटचं सांगतो, हसू नका. त्या वहीत हीटच्या खाली अजून नऊ शब्द आहेत. सर गेल्यावर तीन दिवसांनी मी काकूच्या समोरच्या खोलीत बसलो होतो. भर सकाळ, पंखा बंद. आतल्या खोलीतून पुढचा शब्द ऐकू आला. स्पष्ट. काकूनं कप खाली ठेवला आणि आतल्या दाराकडे पाहिलं, म्हणजे त्यायनंही ऐकला. अर्थ कोणीच सांगितला नाही. कोणता शब्द, ते मी सांगणार नाही.

आपण दोन मिनिटं शांत उभं राहणार आहोत. इथे सरायचे पुष्कळ विद्यार्थी आहेत, आणि सवय वाईट असते. शब्द आला की अर्थ आपोआप ओठावर येते. तर हात जोडून विनंती आहे. या दोन मिनिटांत काही ऐकू आलं, तरी उत्तर देऊ नका. वर्ग सुटला, पोरं घरी गेली, असं सरायले वाटू द्या. मग तेही जातील.

सर, नमस्कार करतो. उठा मंडळी.