खरी शपथ

चंद्रभान : मंग काय करू? म्हादेवाफुडं खोटं बोलू का?

गोजरबाई : खोटं बोला असं कोन म्हनलं? बेलभंडार उचलूच नका म्हनायले मी.

चंद्रभान : न उचलाया मी काय चोरी केलीय? आबासाहेब म्हनले माझ्या जावयाच्या पेटीत मत टाक, टाकलं. देवळात जाऊन तेवढंच सांगायचं. खरं ते खरं.

गोजरबाई : तुमी खरं बोलनार, म्हून तर भ्या वाटायलंय मला.

चंद्रभान : हे काय उलटंच? अन् थोरल्या दिराफुडं एवढं तोंड उघडायलीस?

गोजरबाई : तोंड झाकून लय दिस काढले, भावजी. मला सांगा, गावात मतं पडली किती?

चंद्रभान : एकशे चाळीस म्हन्त्यात.

गोजरबाई : त्यातली अकरा राधाकिशन मास्तराच्या पेटीत निघाली. परभनीला मोजनी झाली अन् तिसऱ्या दिशी आकडा आबासाहेबाच्या कानावर आला. कोन अकरा, ते न्हाई कळलं. पडद्याआड कुनी पाहिलं न्हाई. म्हून आता सगळं गाव ओलेत्यानं देवळात बोलावलंय. बेलभंडार उचलून ‘मी जावयालाच मत दिलं’ म्हनलं की सुटला. एकशे एकोनतीस जन खरी शप्पथ घिऊन सुटले, तर खाली कोन राह्यलं?

चंद्रभान : …अकरा.

गोजरबाई : मंग त्येला हुडकायची तरी गरज हाय का?

चंद्रभान : त्या अकरांनी घ्यावी की खोटी.

गोजरबाई : लेकराबाळाच्या मानसानं, हातात बेलभंडार घिऊन? तुमी घ्याल?

चंद्रभान : न्हाई… गोजर, तू हाईस का त्यात?

गोजरबाई : हाय. पडदा माघं पडला अन् वाटलं, हितं आबासाहेब न्हाई. न्हानीत सुदिक असं कधी वाटलं न्हवतं.

चंद्रभान : एवढं करून काय झालं? मास्तर पडलाच.

गोजरबाई : काय झालं ते आबासाहेबाला इचारा. जावाई निवडून आलाय, गुलाल उधळायचा सोडून अकरा मानसं कामून हुडकायलाय तो? फुडल्या बारीला बावीस व्हतील म्हून. आज आमी सापडलो ना, तर फुडल्या बारीला त्या पडद्याआड बी आबासाहेबच उभा असंल. मत कागदावरच राहील.

चंद्रभान : मी त्येचा सालदार हाय, गोजर. घर त्येच्या जाग्यात. न्हाई म्हनलो तर सांजच्याला कडूबाई अन् लेकरं रस्त्यावर.

गोजरबाई : म्हाईत हाय.

चंद्रभान : म्हाईत असून म्हनतीस?

गोजरबाई : रझाकाराच्या साली बी असंच झालं होतं.

चंद्रभान : ते नगं काढू.

गोजरबाई : काढते. देऊळ हेच, आबासाहेब बी हाच. तवा डोक्यावर खादीची टोपी न्हवती अन् बाजूला बंदूकवाले होते, एवढाच फरक. डोंगरातल्या पोरांना भाकरी कोन देतं, म्हनला. उचला बेलभंडार. पयला हात कुनाचा होता?

चंद्रभान : …माझा. मी दिली न्हवती भाकर. खरं तेच बोललो.

गोजरबाई : सगळेच खरं बोलले. दिस मावळस्तोवर एकच मानूस राह्यला, ज्येला उचलता येईना. थापायचे मी, न्यायचा तुमचा भाऊ. मला बाईमानूस म्हून कुनी इचारलं सुदिक न्हाई. त्येला वढ्याकडं नेलं. माघारी मुंडासं आलं.

चंद्रभान : मी व्यंकटीचं नाव घेतलं न्हवतं.

गोजरबाई : न्हाई घेतलं. घ्यायची गरजच पडली न्हाई.

चंद्रभान : म्हून चार वर्सं या घरात पान्याचा तांब्या बी दिला न्हाईस मला.

गोजरबाई : म्हूनच.

लिंबाजी : चंद्रभान हाय का आत? चल बाबा, देवळात बोलावलंय. माझ्यावर राग धरू नगंस, कोतवालाला हुकूम हाय. वाटंत हिरीवर आंघोळ कर, ओलेत्यानंच यायचंय. तुझं नाव पयलं हाय.

चंद्रभान : पयलं कामून?

लिंबाजी : घरचा गडी म्हून. तू उचलला की बाकीचे पटापटा उचलत्यात, म्हनले.

गोजरबाई : भावजी…

चंद्रभान : बोलू नगंस. आयकलं मी. चल, लिंबाजी.

(दिवस कलला आहे. गोजरबाईचं तेच अंगण. लिंबाजी चंद्रभानला खांद्याचा आधार देऊन आणतो.)

लिंबाजी : हळू. हात हलवू नगंस. बाई, एखादं जुनेर आना, बांधायला. उजवं मनगट मोडलंय.

गोजरबाई : कुनी मोडलं?

लिंबाजी : आता नाव कुनाचं घ्यावं. आबासाहेबानं बोट लावलं न्हाई, तो पान खात बसला होता. म्हनला, बेलभंडार उचलंना तो हात कशाला पायजे. मंग गडी उठले. याच्याच संगं औत हाकनारे, बाई.

गोजरबाई : काय बोलले भावजी?

लिंबाजी : म्हनला, मत टाकलं, पन कुठं टाकलं ते सांगत न्हाई. आबासाहेब म्हनला, येड्या, तुझं मत माझ्याच जावयाला हाय, वळखत न्हाई का मी तुला? मंग उचल की. हा म्हनला, असंल. उचलनार न्हाई.

गोजरबाई : अन् बाकीचे?

लिंबाजी : याच्या माघं बायनाबाई होती. तिनं बी न्हाई म्हनलं. शेख मदारफुडं कुरान ठिवलं, त्येनं हात लावला न्हाई. त्या दोघांना बी लय हानलं. ते पाहून मंग आठ-धा जनांनी भराभर उचलला. भ्याले. कोन भिनार न्हाई? पन बायनाबाईचं मत जावयालाच पडलंय, मला पक्कं ठावं हाय. आता कोन अकरातलं अन् कोन न्हाई, ते आबासाहेबाला उमगंना. उठला अन् म्हनला, राह्यलेलं सकाळी. बाई, सकाळच्याला तुमचं नाव हाय.

गोजरबाई : असू द्या.

लिंबाजी : अन् कडूबाईची भांडीकुंडी बाहीर फेकलीत. लेकरं घिऊन ती हिकडंच यायलीय. जातो मी. तुमच्या दारात मला कुनी पाहिलं तर…

गोजरबाई : लिंबाजीबाबा, तुमचं नाव कवा हाय?

लिंबाजी : शेवटाला.

गोजरबाई : मंग?

लिंबाजी : …जातो, बाई.

गोजरबाई : भावजी, हात हिकडं करा. आवळून बांधावं लागंल.

चंद्रभान : बांध… गोजर, तवा बी एवढंच होतं.

गोजरबाई : व्हय.

चंद्रभान : उचलायचा न्हाई, बस. एक हात मोडला असता. माझ्या माघं दोघं-तिघं न्हाई म्हनले असते. व्यंकटी त्यांच्यात मिसळून गेला असता.

गोजरबाई : गेला असता, भावजी.

चंद्रभान : मला कळलंच न्हाई गं. मी खरं बोलून घरी आलो अन् निवांत झोपलो.

गोजरबाई : बसा भितीला टेकून. हे पानी घ्या. चूल पेटवते, लेकरं भुकेली येतील. तुमची भाकर पयली टाकते.

चंद्रभान : या घरची? मी कोनत्या हातानं खाऊ?

गोजरबाई : डाव्या हातानं खा.