इंजिनाच्या ओठावरचं कुंकू

माझा जन्म सोयगावकडचा, पण तिकडचं मला काही आठवत नाही, कारण मी पाळण्यात असतानाच अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर लागले आणि आम्ही सगळे इकडं आलो. अण्णांच्या सदऱ्याला तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास कायमचा असायचा, आई दोनदोनदा धुवायची तरी जायचा नाही. आम्हाला अण्णांचा एकच धाक होता, चालू मशीनजवळ हात न्यायचा नाही, ओढणी नाही, बांगडी नाही, काही म्हणजे काही नाही. वर्षातून एक दिवस मात्र मशीन बंद, खंडेनवमीला. त्या दिवशी ते पुसून लख्ख करायचं, तेल द्यायचं, मग हळदकुंकू, झेंडू, अक्षता आणि सुपारी. सुपारीशिवाय अण्णांची पूजा व्हायचीच नाही.

त्यांच्या त्या मशीनपायीच मी या कामात आले. मी विमानतळावर टेक्निशियन आहे. विमान उतरलं की त्याच्याभोवती फिरून चाकं, पंख, इंजिन सगळं बघायचं, तेल बघायचं, काही खटकलं तर इंजिनिअरला सांगायचं. सही त्यांची, डोळे आमचे.

अण्णांना या इंजिनाचं लई वेड. रोज जेवताना विचारणार, आज काय बघितलं, आत काय असतं. मी सांगायची, अण्णा, पुढं तो मोठा पंखा दिसतो ना, तो हवा आत ओढतो. ते म्हणाले, म्हणजे आपल्या अंगणातला कूलरच की. म्हटलं व्हय, कूलरच समजा, आणि गंमत अशी की त्यातली बहुतेक हवा इंजिनाच्या पोटात जातच नाही, बाजूनं वळसा घालून मागं फेकली जाते आणि विमानाला पुढं ढकलणारा जोर जास्त करून तिचाच असतो. थोडीच हवा पोटात जाते, तिथं पात्यांच्या रांगांमागून रांगा तिला दाबत जातात, दाबून दाबून ती तापते, मग त्यात इंधनाचा फवारा, जाळ, आणि तो जाळ मागं सुटताना आणखी पाती फिरवतो. त्या मागच्या पात्यांचा दांडा पुढच्या पंख्याला जोडलेला. म्हणजे जाळ मागं आणि पंखा फिरतो पुढं. आणि दांडे दोन, एकाच्या पोटातून दुसरा, दोघांचा वेग वेगळा. हे ऐकलं आणि अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. दांड्यात दांडा, आणि थरथरत नाही? बेअरिंगं कुणी बसवली असतील गं, म्हणाले.

काय सांगू तुम्हाला, तेव्हा मला लई भारी वाटायचं. मग मी आणखी सांगायची. इंजिन नुसतं ढकलत नाही अण्णा, विमानातली वीज त्याच्यावर, चाकं आणि पंखांच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या तेलाला दाब त्याचा. ते सुरू करायलाही हवाच लागते, शेपटीत एक लहान इंजिन असतं, ते हवा पुरवतं आणि मोठ्याचा आतला दांडा फिरायला लागतो. आणि वर गेल्यावर बाहेरची हवा एवढी विरळ की माणूस जगायचा नाही, म्हणून इंजिनानं दाबलेल्या हवेतलीच थोडी, जाळ लागायच्या आधीच बाजूला काढतात, थंड करतात आणि आत सोडतात. प्रवासी श्वास घेतात तो इंजिनातून आलेला. अण्णा म्हणाले, म्हणजे ते मायच आहे म्हण की. मी हसले. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. जोर सांगितला, जाळ सांगितला, श्वास सांगितला. त्या इंजिनाला एखादा खडा, एखादा खिळा काय करू शकतो, ते तेवढं सांगायचं राहिलं.

मागच्या खंडेनवमीला अण्णा पहिल्यांदा विमानात बसणार होते. माझा भाऊ मुंबईला असतो, त्याच्या मुलीचं बारसं होतं. अण्णा म्हणाले, मी तुझ्याच विमानानं जाणार. त्या दिवशी प्रवाशांना पायी नेऊन शिडीनं चढवत होते. तिथं उभं राहायचं काम आमच्यातल्या अस्लमभाईंचं, कुणी इंजिनाकडं भरकटू नये म्हणून. एका आजींना व्हीलचेअरवरून उतरवायला ते वळले, तेवढ्यात अण्णा रांगेतून बाजूला झाले. मी तेव्हा चाकांपाशी वाकलेली, मला दिसलं नाही.

सगळे बसले आणि मी शेवटची फेरी मारायला निघाले. इंजिनाच्या तोंडाला चकचकीत धातूची कड असते, तिला आम्ही ओठ म्हणतो. त्या ओठावर पाच बोटांचं लाल कुंकू. त्याला चिकटलेले दोन-चार तांदूळ. ती बोटं मी ओळखली, मधलं बोट अर्धं, लेथवर गेलेलं. हातात फडकं होतं. एकदा फिरवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण मला माहीत होतं, तांदूळ आहेत म्हणजे सुपारी आहे, आणि ती ओठावर नाही, म्हणजे गडगडत आत गेली. श्रद्धेनं टाकली म्हणून सुपारी मऊ होत नाही. पंखा फिरला की ती बंदुकीच्या गोळीसारखी पात्यांवर बसणार. एका पात्याचा तुकडा उडाला की तो मागच्या रांगेवर, तिचे तुकडे त्याच्या मागच्या रांगेवर. वर दीडशे माणसं, आणि त्यांत माझा बाप.

मी इंजिनिअरसाहेबांना सांगितलं, कॅप्टनसाहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणी केलं कळेल का? म्हटलं, माझे वडील आहेत. हे तीन शब्द बोलताना माझे कान एवढे तापले की मला माझाच आवाज ऐकू आला नाही.

सगळ्यांना खाली उतरवलं. उन्हात उभी माणसं, कुणाची मीटिंग, कुणाचं पुढचं विमान. सगळ्यांचे मोबाइल वर. एक जण ओरडला, अशा अडाण्यांना विमानात घेताच कशाला, बैलगाडीत बसवा. अण्णा पोलिसांच्या मधे टोपी हातात धरून उभे, आणि कॅप्टनसाहेबांना सांगत होते, मशीन बंद होतं साहेब, मी खात्री करून घेतली, हे बोट गेल्यापासून चालू मशीनला मी कधी हात लावला नाही. ते खरंच बोलत होते. त्यांच्या नियमानं ते चुकलेच नव्हते. लेथवरची सुपारी दुसऱ्या दिवशी उचलून ठेवता येते. मला हे ओरडून सांगायचं होतं त्या मोबाइलवाल्यांना, की बाबांनो, लाखांच्या गाड्यांच्या चाकाखाली लिंबू तुम्हीच ठेवता, मग अडाणी एकटा हाच कसा? पण मी जमिनीकडं बघत उभी राहिले.

बारीक नळीचा कॅमेरा आत घालून तपासणी झाली. सुपारी पंख्यामागं खालच्या बाजूला अडकलेली निघाली, झेंडूच्या पाकळ्यांसकट. पाती शाबूत होती. विमान दुपारनंतर गेलं. अण्णांचा जबाब घेऊन, ताकीद देऊन सोडलं. ते बारशाला गेलेच नाहीत.

मला कुणी काही बोललं नाही, उलट साहेब म्हणाले, बरं केलंस. नोटीस मिळाली ती अस्लमभाईंना, लक्ष नव्हतं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढं उभी राहिले, मान वर होईना. ते म्हणाले, क्या ताई, अब्बा की पूजा का प्रसाद मेरेकू मिला. आणि हसले, डबा पुढं केला, खाव म्हणले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णांना मी रागानं एकदाच बोलले, एवढं मशीनमधलं कळतं तुम्हाला, मग असं कसं केलं? ते म्हणाले, जे माझ्या नातवंडांना श्वास देतं त्याला मी नुसताच ओलांडून जाऊ? मग म्हणाले, ही गोष्ट लपवू नको, सांग लोकांना, माझ्यासारखे लई आहेत. म्हणून तुम्हाला सांगते आहे. लिहा. हात जोडायचे असतील तर लांबून जोडा, मनात जोडा, सुखानं जा, सुखानं उतरा.

आमचं घर विमानाच्या वाटेखाली आहे. आवाज आला की सगळी गल्ली वर बघते, अण्णा आत जातात. काल मी ड्युटीवरून आले तर आतूनच त्यांनी विचारलं, त्या विमानाचं इंजिन नीट आहे ना गं? म्हटलं, व्हय अण्णा, नीट आहे. आज काय बघितलं, आत काय असतं, ते आता विचारत नाहीत. मीही दारातच चपला काढत बसले, उगाच, लई वेळ.