यार्डात वळलेला टॉर्पेडो

—नाही, दादा, वही मागून उघडू नकोस, पुढून उघड. आणि शुद्धलेखनाकडे बघू नकोस बाबा, ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं आठवीत भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. शब्दही साधेच आहेत, तू आणि तुझा भागीदार लिहिता तसं मला जमत नाही. पण आकडे नीट आहेत, आकडे बघ. बस ना, त्या स्टुलावर बस, तेल पुसलंय मी. सही? सही करतो असं कुठे म्हणालो मी? कागद ठेव तिथेच काउंटरवर. उडेल म्हणून त्यावर वजन ठेव — ते नको, ते प्रमाण वजन आहे, त्याला हात लावायचा नाही, बोटाच्या घामानेसुद्धा ते जड होतं, चिमट्याने धरावं लागतं. तो लोखंडी ठोकळा घे. हां. तर तुझं म्हणणं काय — खेळाची नवी आवृत्ती निघतेय, तिच्या वेष्टनावर 'सर्व मापे तपासली, बरोबर आहेत' असं छापायचंय आणि खाली माझी सही. आजच्या आज पाहिजे. कळलं. आधी माझं ऐकून घे, मग सहीचं बघू.

तीन वर्षांपूर्वी तू इथेच, या काटे-घड्याळं दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरला टेकून उभा होतास. म्हणालास, मापाड्या — घरात सगळे मला नावाने हाक मारतात, मावशीसुद्धा, तू एकटाच मापाड्या म्हणतोस, आणि खरं सांगू, मला ते आवडायचं — म्हणालास, मापाड्या, मी कॉम्प्युटरवरचा पाणबुडीचा खेळ करतोय, आणि त्यात एक टॉर्पेडो असा आहे की तो ऐकतो. सोडला की सरळ जातो, मग जहाजाच्या पंख्याचा आवाज त्याच्या कानावर पडला की तिकडे वळतो. जहाज जोरात चाललं असेल तर लांबून ऐकणार, सावकाश चाललं असेल तर जवळून, आणि इंजिन बंद करून गप उभं राहिलं तर बाजूने निघून जाणार. मला तर वेडच लागलं. पाण्याखाली अंधारात एकटाच जाणारा आणि नुसता ऐकणारा. तू म्हणालास, इतर खेळांत सगळी थापाथापी असते, आपण खरं करायचं. आधी तू नुसता अंदाज लिहून दे, कुठल्या वेगाला किती मीटरवरून ऐकू यावं. मग मी खेळ बनवतो, मग तू मोज, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवू. मी दिला अंदाज. पहिलं पान बघ, निळी शाई. जहाज सहा नॉटने चाललं तर तीनशे दहा मीटर, आठने साडेचारशे, दहाने सहाशे वीस. बाराला काही सुचेना — हसू नकोस — समोर कुणा गिऱ्हाइकाची पावती पडली होती, तिचा नंबर सातशे सदतीस. म्हटलं, असू दे, सातशे सदतीस.

मग सहा महिन्यांनी तू खेळ पाठवलास आणि मी मोजायला बसलो. कसा मोजायचो माहीत आहे? विचारलंस तरी का कधी? गुरुवारी दुकान बंद, म्हणून गुरुवार. डोळा पडद्यावरच्या अंतरावर, हातात घड्याळ. एकेका वेगाला वीस टॉर्पेडो — पाच पुढून, पाच मागून, पाच डावीकडून, पाच उजवीकडून — काट्याच्या चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून बघतो ना आपण, तसं. अडीच वर्षांचे गुरुवार, दादा. आई म्हणायची, लग्नाच्या वयाचा पोरगा आणि आठवड्यातून एकदा बोटी बुडवत बसतो. आणि काय निघालं? सहाला तीनशे दहा. आठला साडेचारशे. बाराला सातशे सदतीस. पावतीचा नंबर, दादा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाबा म्हणायचे, काटा पहिल्या फटक्यात तंतोतंत आला तर आनंद मानू नकोस, आधी बघ कुठे अडकलाय का. पण मी बघितलं नाही. का नाही बघितलं? कारण मला वाटलं की — जाऊ दे. वाटलं की शाळा सुटली तरी डोकं काही सुटलं नाही आपलं. समुद्र न बघितलेल्या माणसाने पाण्यात आवाज किती लांब जातो ते बसल्या जागी सांगितलं, म्हणजे काहीतरी असेलच की आत. तू फोनवर म्हणालास, मापाड्या, तू मोजलंस म्हणजे विषय संपला, आणि माझ्या आकड्यांचा तक्ता करून खेळाबरोबर छापलास. ते वाक्य मी किती दिवस बरोबर घेऊन फिरलो.

आता आचारीकाका. तू त्यांना ओळखतोस, आपल्या खेळाच्या ऑनलाइन चर्चेत लिहितात ते, आयुष्यभर बोटीवर स्वयंपाक केला आणि आता घरी बसून पाणबुडी चालवतात. त्या चर्चेत आपली चारशे माणसं, पण एकेक असा की सागरी मैल आणि साधा मैल यांवरून घरात अबोला धरेल. त्यातले हे सगळ्यात किरकिरे. गेल्या महिन्यात त्यांनी लिहिलं, तुमच्या तक्त्याप्रमाणे टॉर्पेडो वळायला पाहिजे तिथे माझा वळत नाही, जरा पुढे जाऊन वळतो. मी विचारलं, पडद्यावर अंतर कशात दिसतं तुम्हाला? म्हणाले, यार्डात, आमच्या बोटीवर यार्डच होते, मला मीटर उमगत नाहीत. मी म्हटलं, काका, मग यार्डाचे मीटर करताना चुकलात तुम्ही. ते म्हणाले, मी दोनदा केलं. तर मी — मी, दादा, जो गिऱ्हाइकाशी वर मान करून बोलत नाही — चारशे लोकांसमोर लिहिलं की काका, तुमचं घड्याळ बंद पडलं असेल, आमच्या दुकानात घेऊन या. सगळे हसले. तूही हसरा चेहरा टाकलास खाली. काकांनी परत काही लिहिलं नाही.

ते गप्प बसले तेच मला खुपायला लागलं. म्हणून काल गुरुवारी मी मुद्दाम, त्यांना नीट समजावून सांगता यावं म्हणून, खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन मीटरचे यार्ड केले. बाकी कशाला हात लावला नाही. तेच जहाज, तेच पाणी, तोच वेग. आठ नॉट. टॉर्पेडो सोडला. आणि तो वळला साडेचारशे यार्डांवर. यार्डांवर, दादा. म्हणजे चारशे अकरा मीटर. मला वाटलं, माझंच चुकलं. परत केलं. दहाला — सहाशे वीस यार्ड. बाराला काय आलं असेल? तूच सांग. नको, मीच सांगतो, सातशे सदतीस यार्ड. अरे, गूळ किलोत मोजला काय आणि पौंडात मोजला काय, ढेप तेवढीच राहते ना? आवाज ऐकून जाणाऱ्याला काय ठाऊक की वर बसलेल्या माणसाने आकडे कशात वाचायला घेतलेत? तो ऐकतच नव्हता. त्याला कानच नाहीत. तो माझं पहिलं पान वाचत होता. तू माझे अंदाज उचलून तसेच्या तसे त्याच्या पोटात घातलेस, पुढे मीटर की यार्ड तेही लिहिलं नाहीस, आणि मग मला म्हणालास, मोज. मी मोजलं. मी अडीच वर्षं माझाच आकडा माझ्याशी जुळवून बघितला आणि जुळला म्हणून खूश झालो.

काय? — हो, खेळ आहे, मला कळतं की खेळ आहे, मी काही दुधखुळा नाही. खऱ्या टॉर्पेडोचे आकडे कुणी देत नाही, तेही कळतं. ऐकणारा बनवणं अवघड होतं, भागीदार घाई करत होता, पुढच्या वेळी नीट करू म्हणालास आणि ती पुढची वेळ आलीच नाही — सगळं मान्य. अरे, नाही ऐकत तर नाही ऐकत म्हणायचं. ठोकळ अंदाज आहे म्हणायचं. मीच पुढे होऊन लोकांना सांगितलं असतं. पण तू छापलंस 'ऐकणारा टॉर्पेडो, प्रत्यक्ष मोजून पडताळलेला' आणि खाली माझं नाव घातलंस, आडनावासकट. बाबांनी चाळीस वर्षांत एका खोट्या काट्यावर शिक्का मारला नाही.

आणि मला एक सांग. पहिल्या वेळी मी तुला फोन केला, ओरडून सांगितलं की बाराचा आकडासुद्धा जुळला — तेव्हा तुला माहीत होतं. तेव्हा का नाही बोललास?

त्या ठोकळ्याशी चाळा नको, इकडे बघ.

हळू बोल, पण परत बोल. — तुला बोलवेना. मी एवढा आनंदात होतो की तुला बोलवेना. बरं. म्हणजे लबाडीसुद्धा नव्हती धड. कीव होती. मावशीचा शाळा सोडलेला पोरगा, त्याला एक खुळखुळा दिला, वाजवतोय तर वाजवू दे. चोरी केली असतीस ना, दादा, माझं काही उचलून नेलं असतंस, तर मी भांडलो असतो. यात काय भांडू? तुला काय वाटलं, खुळखुळा हातातच राहील? मी त्या जोरावर फॉर्म आणला बाहेरून दहावीला बसायचा, फोटो काढला, आईला सांगून बसलो की यंदा बघच — हे तुला सांगायचं नव्हतं. हे ऐकलं नाहीस असं समज. पाणी पी. पी ना, तुझं तोंड सुकलंय.

आता सहीचं. तू पहाटे बसमध्ये बसलास, फोन बंद होता म्हणालास, म्हणजे तुला माहीतच नाही. आज सकाळी मी उठलो, आंघोळ केली, आणि दुकान उघडायच्या आधी चर्चेत लिहिलं. दोनच ओळी — तक्ता चुकीचा आहे, तो मोजलेला नव्हता, माझं नाव धरून कुणी त्यावर विसंबू नये. आणि आचारीकाका, तुमचं घड्याळ बरोबर आहे, मला माफ करा. तुझं नाव नाही घातलं. मावशीचं तोंड डोळ्यांसमोर आलं म्हणून नाही घातलं, तुझ्यासाठी नाही. मग तो दहावीचा फॉर्म घेऊन शाळेच्या कचेरीत गेलो. खिडकीपाशी दोनदा मागे फिरलो. काल ते यार्डाचं माझं मी शोधलं, त्याचा आकडा मला कुणी आधी देऊन ठेवला नव्हता, एवढं एकच घोकत तिसऱ्यांदा गेलो. कारकून चष्म्यावरून बघून म्हणाला, बरीच वर्षं झालेली दिसतात, गणित सोपं लिहू की मोठं? मी म्हटलं, मोठं लिहा. त्याने लिहिलं, मी खाली सही केली. आज माझी एवढीच सही होती.

कागद उचल तो. ठोकळा जागेवर ठेव. तुझी परतीची बस बाराची आहे, मागच्या गल्लीने गेलास तर मिळेल.