सुपडाबाईला सगळे म्हणाले, ‘तू बस’

मंडळी, आज प्रश्न अगदी साधा आहे. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला त्रास द्यावा की देऊ नये?

बोला की! काय हो सरपंच, मान काय हलवता, तोंडानं सांगा. ‘देऊ नये’? बरं. मायबाया काय म्हणतात? त्याही म्हणतात, देऊ नये. वा! ग्रामसभेत कधी झालं नाही ते एकमत इथं झालं! आता हे उत्तर पदराला गाठ मारून ठेवा. ती गाठ सोडायलाच मी आज उभा आहे.

ऐका तर. तापीच्या काठी एक गाव. तिथं राहते सुपडाबाई. वय बहात्तर. आधीची दोन भावंडं राहिली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर आजीनं सुपात घालून ओढली, तेव्हापासून नाव सुपडा. तर ही सुपडाबाई पाच गावांत प्रसिद्ध कशासाठी? मांड्यासाठी! पुरण भरलेला कणकेचा गोळा मुठीवर घ्यायची, मनगटावर फिरवायची, बघता बघता कोपरापर्यंत पसरायचा, आणि मग अलगद पालथ्या खापरावर. फाटणं नाही, गळणं नाही. लग्नकार्यात नवरीच्या आधी लोक विचारायचे, सुपडाबाई आलीय का?

मालक जाऊन पाच वर्षं झालेली. मुलं तीन. थोरला हेमराज पुण्याला कारखान्यात मोठा साहेब, मधली पुष्पलता सुरतेला दिलेली, धाकटा नीळकंठ नाशकात क्लास चालवतो. तिघंही गुणाची हो! उगाच मुलांना शिव्या घालणारं कीर्तन माझं नाही. पण यायची ती अशी, की एक दिवाळीला, एक उन्हाळ्यात, एक पुढच्या वर्षी. तिघं एकत्र त्या घरात जेवली, त्याला पाच वर्षं झाली होती.

यंदा ठरलं. आखाजीला चार दिवस तिघांनी सुट्टी काढायची, लेकरंबाळं घेऊन आईकडे जायचं. शहरातून पाहुणे आलेत त्यांच्यासाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आपल्या खान्देशात दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि गेलेल्या माणसांचं एकेक नाव घेऊन पाण्याची घागर भरतात.

आईला फोन गेला. सुपडाबाई दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. गहू ओलवले, दळले, पीठ कापडातून गाळलं. डाळ निवडली. माळ्यावरचं खापर स्वतः चढून काढलं. शेजारीण म्हणाली, काकू, पडशील. तर म्हणते, पडले तर पडले, पोरं येताहेत.

आणि तिकडे पोरं काय करत होती? मोबाइलवर गट काढला. गटाचं नाव काय? ‘आईला आराम’! हेमराज साहेबमाणूस, त्यानं यादी केली. आचारी सांगितला. पाण्याचे जार सांगितले. गाद्या भाड्यानं. पत्रावळी. आणि मंडळी, येताना चादरी घरून आणल्या! आईला धुवायला नकोत म्हणून. अरे, आईच्या घरी निघालात की धर्मशाळेत? मृदंगवाले, हसू नका, तुमच्या बॅगेत काय असतं ते मला माहीत आहे.

आखाजीला दोन दिवस राहिले असताना सगळे आले. सुपडाबाई चहाचं आधण ठेवायला उठली. हेमराज म्हणाला, “आई, तू बस.” पोळ्या लाटायला गेली. पुष्पलता म्हणाली, “आई, तू बस गं, आचारी आहे.” नातवाचं डोकं तेल लावून चोळू लागली, सून प्रेमानं म्हणाली, “आई, तुम्ही बसा, मी करते.” पुरणाची डाळ शिजवायला घेतली, तो आचारीच म्हणाला, “मावशी, तुम्ही बसा.” स्वतःच्या स्वयंपाकघरात!

आता शब्द बघा. बस. दोनच अक्षरं. मुलं म्हणत होती, बस म्हणजे बैस. मनापासून म्हणत होती. पण त्या माउलीच्या कानात काय पडत होतं? बस! पुरे! झालं तुझं! आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच, आणि बहात्तरीच्या बाईला यातला कुठला ऐकू येतो, हे सांगायला पंडित लागत नाही.

रात्री जेवणं झाली. पंगतीत कुणी म्हणालं नाही, आई, भात वाढ. म्हणालं नाही, आई, भाजीत मीठ कमी आहे. तिला फार वाईट वाटलं, मंडळी. भरलं घर, आणि त्यात आपल्याकडे कुणाचं काही काम नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मंडळी आंघोळी करून ओट्यावर आली. आई दिसेना. आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मावशींनी निरोप दिलाय. म्हणाल्या, पोरांना सांग, आई बसली.”

हेमराज खूश झाला. “चला, एकदाची बसली. कुठे बसलीय?”

“एस.टी.त.”

हां! बसली ती बसमध्येच बसली! पिशवीत दोन लुगडी घातली आणि पाऊण तासावरचं माहेर गाठलं. आखाजीला सासुरवाशिणीनं माहेरी जायचं की नाही? मग! बहात्तरची झाली म्हणून काय सासुरवाशीण नाही ती?

पण मंडळी, गंमत बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी आखाजी. वडिलांच्या नावाची घागर भरायची, आणि घरात आई नाही. पाच वर्षांनी जमलेली सुट्टी, आणि जिच्यासाठी जमली तीच उठून गेलेली. आणि ती सणाला परत येईल याची खात्री कुणालाच नव्हती, कारण सुपडाबाई रागावणारी बाई नव्हे. रागावणारा माणूस परत येतो. हे मन दुखलेलं होतं.

तिघं भावंडं गाडी काढून मामाच्या गावाला. दारात पाऊल टाकतात तो काय? चूल पेटलेली, वर खापर तापलेलं, आणि सुपडाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात! मामाच्या लेकी आदल्या दिवशीच आलेल्या, त्यांच्यासाठी मांडे चालले होते. घामानं कपाळ भिजलंय आणि चेहरा उजळलाय.

हेमराज तापला. “मामी, काय हे? आई बहात्तरची आहे. तिला कामाला लावता?”

मामी फटकळ. म्हणाली, “मी लावलं नाही, भाऊ. मी मागितलं. म्हटलं, बाई, माझ्या हातून मांडा फाटतो, पोरी हसतात, तेवढी माझी लाज राखा.”

लावणं आणि मागणं! या दोहोंत किती अंतर आहे, घरी जाऊन विचार करा.

हेमराज आईकडे वळला. “आई, घरी चल. आम्ही तुझ्यासाठी एवढं सगळं केलं.”

“केलंत की,” सुपडाबाई मांडा उलटत म्हणाली. “सगळं तुम्हीच केलंत. मग मी कशाला हवी? बसायलाच ना? ओटा इथंही आहे.”

साहेबानं खिशातला मोबाइल चाचपला. यादीत नव्हतं ना ते!

पुष्पलता मात्र लेक. तिनं बांगड्या मागे सारल्या. हात धुतले, पुरणाचा गोळा उचलला, मुठीवर घेतला, फिरवला, आणि गेला फाटून! पुरण मनगटावरून खाली. सुरतेत बावीस वर्षं संसार केलेली बाई, रडवेली होऊन म्हणाली, “आई, माझं काय चुकलं?”

सुपडाबाई न बघता म्हणाली, “पाणी कमी लावलंस. आणि बोटं मिटून घे, नखं लागतात.” तिनं लेकीची मूठ धरून नीट केली.

नीळकंठ धाकटा, हुशार. त्यानं लगेच शर्ट पुढं केला. “आई, माझं बटण तुटलंय. महिना झाला.”

“बायको काय करते?”

“तिलाही येत नाही.”

मामाच्या लेकी हसायला लागल्या. सुपडाबाईच्याही ओठाला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. कारण थोरला अजून उभाच होता. शंभर माणसांना हुकूम देणारा माणूस, त्याला मागायचं कसं तेच ठाऊक नाही. मंडळी, देणं सोपं असतं हो! देणाऱ्याचा हात वर असतो. मागायला वाकावं लागतं.

शेवटी हेमराज चुलीपाशी खाली बसला. पँटला राख लागली. म्हणाला, “आई, उद्या घागर भरायची. आप्पांचं नाव मला माहीत आहे, आजोबांचं माहीत आहे. त्यांच्या वडिलांचं नाव काय, तेच मला माहीत नाही. घागर भरताना तू कानात सांगायचीस, मी नुसतं म्हणायचो. तू नसलीस तर मी कुणाकुणाला हाक मारू?”

आईनं खापरावरचा मांडा उतरवला. मग म्हणाली, “उद्या सकाळी आंघोळ करून घागरीपाशी ये. सांगते.”

कळलं का, मंडळी? ती ‘येते’ म्हणाली नाही, ‘सांगते’ म्हणाली! मग भावजयीला म्हणाली, “पिशवी दे गं माझी. आणि एक खापर दे, घरचं एक पुरायचं नाही.”

गाडीत बसताना हेमराजनं विचारलं, “आई, त्या आचाऱ्याला काय सांगू?”

“त्याला म्हणावं, बाबा, आता तू बस.”

आता सोडा ती पदराची गाठ! त्रास देऊ नये म्हणालात ना? अहो, तुमच्या-माझ्या देवाचं तरी काय आहे? मखरात बसवला, हार घातला, ‘देवा, तू बस’ म्हणून दार लावलं. आणि तो भक्तांची घरं शोधत फिरला! कुणाचं दळण दळलं, कुणाचं पाणी भरलं, कुणाची गुरं राखली. बसून राहणं देवाला सोसलं नाही, ते तुमच्या आईला सोसेल?

तुमची माणसं थकली असतील, त्यांचं ओझं जरूर उचला. दगडधोंडे उचलायला लावा असं मी म्हणत नाही. पण त्यांची गरजच उचलून नेऊ नका.

इथं बसलेल्या निम्म्या लोकांचे आईबाप गावाकडे आहेत. रोज फोन करता. काय बोलता? ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का, काळजी घे, ठेवतो.’ अर्ध्या मिनिटात आटपता आणि सेवा झाली म्हणून झोपता. उद्या वेगळं करा. फोन लावा आणि म्हणा, ‘आई, अडलंय माझं. तुझ्याकडे एक काम होतं.’ म्हणा, आणि गप्प राहा. पलीकडे ती उठून बसेल. तिच्या आवाजात वीस वर्षांमागचा जोर ऐकू येईल, आणि ती विचारेल, ‘काय रे, काय झालं? सांग.’

तो आवाज ऐका. ज्यांची आई फोन उचलायला आहे त्यांनी उद्याच ऐका. आणि आता टाळ हातात घ्या, मोठ्यानं नाव घ्या त्या देवाचं, लाजू नका, आपण त्याला हाकच मारतोय.